आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं मत

माझी आत्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी एक वर्ग असतो, तो ती आणि तिचे यजमान मिळून घ्यायचे. ते गेल्यावर ती एकटीच घेऊ लागली. सासू, बाळंतपण, रुसवेफुगवे, सगळ्यांवर ती मोकळेपणी बोलायची. शेवटी सांगायची, लग्न हा पवित्र संस्कार आहे, देवासमोर दिलेला शब्द आहे.

दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न कायद्याने मानावं का, हा खटला दिल्लीत सुरू होता, तेव्हाची ही गोष्ट. नागपुरातल्या काही वकिलांनी त्यावर जाहीर चर्चा ठेवली होती. लोकांची लेखी मतंही ते गोळा करणार होते. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर चर्चच्या मंडळाने अशा लग्नांना विरोध करणारं एक छापील पत्र वाटलं. खाली फक्त सही करायची होती. आत्याने ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"यातलं पुष्कळ मले पटते," ती म्हणाली. "पण त्या लोकांबद्दल जे वाईटसाईट लिहिलं, ते माहं नाही. मी माहं लिहीन."

तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली. टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. माझं मत तिच्या उलट आहे, हे तिला ठाऊक होतं. मी मधे काही बोलले की ती चष्म्यावरून पाहायची. "तू टाइप कर वं. वाद आपण जेवताना घालू."

चर्चेला मी तिच्यासोबत गेले. एप्रिलचं ऊन होतं आणि हॉलमधल्या कूलरचा आवाज इतका, की बोलणाऱ्याला माईक तोंडाशी धरावा लागत होता. तिशीतला एक मुलगा उठला. नऊ वर्षं ज्याच्यासोबत राहतो, त्याला अपघात झाला तेव्हा दवाखान्यात आपल्याला विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण, असं त्याने सांगितलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्याला सही करू दिली नाही. आमच्याच ओळीतला एक जण हसला.

आत्या वळून शांतपणे म्हणाली, "हसू नका. तो आपलं दुखणं सांगून राहिला."

मग तिने माईक मागितला. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई यांचा जन्मभराचा शब्द, हा माझा विश्वास आहे आणि कायद्यानेही त्याच नात्याला लग्न म्हणावं, असं तिने स्पष्ट सांगितलं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती थांबली नाही.

"तुम्ही कोण, हा प्रश्न मीबी विचारला आहे," ती म्हणाली. "दोन बाया होत्या, कित्येक वर्षं एका घरात राहणाऱ्या. एकीचं ऑपरेशन होतं. दुसरीले मी सही करू दिली नाही. भिवापूरहून भाऊ येईपर्यंत आम्ही थांबलो. त्या भावाले बहिणीले कोणती औषधं चालतात तेबी माहीत नव्हतं. दुसरी बाई दारात उभी राहून त्याले एकेक सांगत होती. पेशंट वाचली. पण त्या दिवशी मी चुकली. या पोराले सहीचा हक्क कायद्याने द्यावा. त्याले लग्न म्हणू नका, एवढंच माहं म्हणणं आहे."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. ती गोष्ट तिने घरी कधीच सांगितली नव्हती. टाइप केलेल्या कागदात सहीच्या हक्काची मागणी होती, पण त्या दोघींचा उल्लेख नव्हता.

बाहेर तो मुलगा तिच्याजवळ आला. "मावशी, मला तुमचं पटलं नाही."

"मलेबी तुहं सगळं नाही पटलं," आत्या म्हणाली. "तुहा सोबती आता कसा आहे?"

"चालतो. पायात रॉड आहे."

मग ती दोघं फुटपाथवर उभी राहून फिजिओथेरपीबद्दल बराच वेळ बोलत होती.

पुढच्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. तिचं पत्र चर्चच्या पत्रांसोबत पाठवायला ते तयार होते, पण हक्काचा परिच्छेद काढावा लागेल म्हणाले. आत्याने त्यांना सरबत दिलं आणि नाही म्हटलं. पत्र तिने स्वतःच्या नावाने पाठवलं. दोन-तीन घरांनी लग्न ठरलेल्या आपल्या मुलामुलींना तिच्या वर्गाला पाठवणं बंद केलं. तिला ते लागलं. त्या आठवड्यांत ती मिस्सा संपताच कोणाशी न बोलता घरी यायची. मात्र वर्ग तिने सोडला नाही. एकदा तर एकच जोडपं आलं होतं, त्यांनाही तिने पूर्ण दोन तास शिकवलं.

कोर्टाने पुढे लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला. निकाल ऐकून मी नाराज झाले, आत्याला बरं वाटलं. जेवताना आम्ही त्यावर नेहमीसारखं भांडलो. मग तिने विचारलं, "सहीचं काय झालं वं? त्याच्याबद्दल काही म्हटलं का?"

सरकारची समिती असे हक्क तपासणार आहे, मी सांगितलं. तिने लगेच वही मागितली. समितीला पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, ते शोधून दे म्हणाली.