संपात वाढलेला मामा

लाजावं कसं, हे आमच्या मामाकडून शिकावं. गिरगावापासून परळपर्यंत एकाही बाईला त्याच्यासारखं लाजता येत नसे, हे मी बाई असून लिहिते आहे. मामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत तो आणि मामी राहत. तो गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवी, आणि सुट्टी मिळाली की मालवणी मंडळींच्या दशावतारी कंपनीत कधी राणी तर कधी राजकन्या होई. गालाला बोट टेकून तो मान अशी वळवी की पुढच्या रांगेतले बाप्ये आपापल्या बायकांकडे खेदाने बघत. हातांचा तर त्याला भलताच गर्व. लहानसे, नितळ हात, पाळीवरून आला की त्यांना खोबरेल चोळत बसे आणि मामीला ऐकवी, "तुझे हात बघ नि माझे बघ. नवरो कोण नि बायको कोण, सांग बघू!" मामीच्या बांगड्या त्याला सैल होत. खेळ नसला की मात्र हीच राणी पंचा लावून गॅलरीत उभी राही, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करी, कोणाच्याही घरात शिरून तव्यावरची माशाची तुकडी उचली. खरी लाज त्याला कशाचीच वाटत नसे. सगळी रंगमंचावर खर्च होत असल्याने घरी आणायला उरत नसावी.

एका गणपतीत त्याच्या हातात बांगड्या चढेनात. मामीने साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी चुडा टिचला आणि मनगटाला रक्त आलं. "हल्ली माप चोरतत," मामा म्हणाला. पुढे चपला आखूड येऊ लागल्या तेव्हा चांभार बिघडला होता, टोपी बसेना तेव्हा शिंपी, आणि दातांत फटी पडल्या त्याला दंतमंजन जबाबदार होतं. मुंबईतले सगळे कारागीर एकाच सुमाराला कामातून गेले, अशी त्याची खात्रीच झाली. घोरणं तर असं वाढलं की खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकीत. तरीही सगळी चाळ हसत होती आणि सर्वांत मोठ्याने मामाच हसत होता.

मग गिरण्यांचा संप झाला. पहिले काही महिने उत्साहात गेले. पुढे एकेक घर गावाला निघालं, जे राहिले ते पेजेवर आले. माणसांच्या गालफडांची हाडं दिसू लागली, शर्ट खांद्यावरून ओघळू लागले. आणि या सगळ्यांत मामा मात्र वाढत होता. पंजे फावड्यासारखे झाले, नाक फुललं, जबडा पुढे आला. पंख्याखाली बसूनही घामाने भिजे. उपाशी चाळीत वाढणारा माणूस लपवायचा तरी कुठे? हा मागच्या दाराने कामावर जातो, मालकाचं खातो, अशी कुजबुज सुरू झाली. एकदा नळावर समोरच्या खोलीतली काकी सगळ्यांदेखत म्हणाली, "संप सगळ्यांचा, आन् बाळसं एकट्याच्याच अंगावर!"

मामा भरलेली बादली तिथेच ठेवून वर आला. त्या दिवसापासून तो एक वेळ जेवू लागला. तेही दार लावून, घास चावल्याचा आवाज होऊ नये अशा बेताने. मासे सोडले, मग भातही कमी केला. पाय वाढायचे ते वाढतच राहिले. आईपुढे बसून तो म्हणायचा, "बाय, तू बघतंस मा? मी खातंय काय गो?" आई नुसती मान हलवी. ज्याच्यापुढे गल्लीतली पोरं लाजत, तो मामा आता भर मे महिन्यात मफलर गुंडाळून, हात पाठीमागे लपवून भिंतीकडेने चालू लागला.

त्यातच शिवडीला कंपनीचा खेळ ठरला. मामाने नको नको म्हटलं, कंपनीचा मालक ऐकेना. दुसरा राणी करणारा गावाला गेला होता. मामा शालू नेसून बाकावर बसला आणि पहिलंच वाक्य बोलला. घशातून जो घोगरा आवाज आला त्याने तो स्वतःच दचकला. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "राणीक राकसान गिळल्यान रे!" मामाने सवयीने गालाला बोट टेकलं. त्या बोटाने अर्धा गाल झाकला. मग हसणं थांबेना. तो उठला आणि तसाच, रंगलेल्या तोंडाने आणि शालूच्या निऱ्या मुठीत धरून, शिवडीहून लालबागला चालत आला. तो दारात उभा राहिला तेव्हा मामीने त्याला आत घेऊन दार लावलं. तिने पाणी तापवलं आणि त्याचं तोंड पुसून दिलं.

पुढे तो गॅलरीत दारांना आणि माणसांना धडकू लागला. काकीने वाळत घातलेल्या पापडांवर पाय पडला, तेव्हा 'आता पितोही' असं ठरलं. मला आठवतं, मी ताट घेऊन त्याच्या अगदी बाजूला उभी होते आणि त्याला मी दिसतच नव्हते. आईने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओढत परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. इंग्रजी कळतं म्हणून मला सोबत घेतलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला तो सोडेनात. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "जुने फोटो आहेत?" त्यांनी विचारलं.

मामाने माझ्याकडे आणि मी जमिनीकडे पाहिलं. कारण मामाचे जेवढे म्हणून फोटो होते, ते सगळे शालूत होते. "ते नाय दाखवूचे," तो पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी मामीने पिशवीतून ते आणलेच. टेबलावर ओळीने राण्या मांडल्या गेल्या, भोवती शिकाऊ डॉक्टर जमले.

"या कोण?" त्यांतल्या एकाने विचारलं.

"मीच," मामा म्हणाला आणि मफलर वर ओढला.

कोणी हसलं नाही. बाई एकेका फोटोवर बोट ठेवत गेल्या. इथे नाक बदललं, इथे जबडा. मग त्यांनी समजावलं: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, वाढ तिच्या हातात. तिच्यावर गाठ आली, म्हणून हाडं वाढली. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबते, म्हणून बाजूचं दिसत नाही. "याचा खाण्याशी काही संबंध नाही. आणि हे आजचं नाही, गेली सहा-सात वर्षं चाललंय."

"म्हणजे संपाआधीपासून?" मामाने विचारलं.

"बरंच आधीपासून."

मामाने त्यांच्यापुढे ते दोन प्रचंड हात जोडले. "डॉक्टरीणबाई, ह्यां आमच्या चाळीत येवन सांगशात काय?"

बाई आल्या नाहीत. आईने ते काम केलं. गॅलरीच्या मधोमध उभं राहून तिने पिट्युटरी या शब्दाचे हाल करत सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दारं उघडली. काकीचं तेवढं बंद झालं.

नाकातून ऑपरेशन झालं. "मेंदवाक जावचा तर नाकातसून? ही काय वाट झाली?" असं तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत विचारत होता. नजर बरीचशी परत आली, घाम गेला, चेहऱ्याची सूज उतरली. हाडं मात्र वाढली तेवढी राहिली. कंपनीने त्याला राक्षस दिला, पण तो जमला नाही. राजकन्येला पळवताना तिचं मनगट इतक्या हळुवार धरी की ती सहज सुटून जाई. गिरणी पुन्हा त्याच्यासाठी उघडली नाही. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत त्याने रखवालदारी केली.

चाळ पाडली, माणसं विखुरली. मामाचं हृदय थकत आलं तेव्हा तो करी रोडच्या एका लहानशा खोलीत खाटेवर पडून असे. एका दुपारी ती नळावर बोललेली काकी आली. विरारहून, एकटी, पार वाळलेली. दारातच उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

मामाने डोळे उघडले, तिला ओळखलं आणि त्या खोल आवाजात विचारलं, "वयनी, जेवलात काय?"

काकीने पदर तोंडाला लावला. तिला संकोच वाटू नये म्हणून मामाने हळूच भिंतीकडे कूस बदलली, आणि मामी तांदूळ धुवायला उठली.