उंबरठ्यावरची लिंबं

कोपरला आमचं घर तळमजल्यावर, म्हणून मागच्या चार हात जागेत वडिलांना लिंबाचं झाड लावता आलं. रविवारी सकाळी ते आकडीने फांदी खाली ओढत आणि एकेक लिंबू देठाचा तुकडा ठेवून कात्रीने कापत. देठ राहिला की लिंबू टिकतं. मग काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनीच बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची बेल वाजवत. लिंबं हे निमित्त, खरा रस गप्पांत.

ते गेले आणि महिन्याभरात झाड लगडलं. लिंबं मी काढली. वाटायला हवीत हे कळत होतं, पण दार उघडणाऱ्या प्रत्येकाचं 'फार वाईट झालं गं' ऐकून घेण्याइतकी सहनशक्ती माझ्यात कधीच नव्हती. म्हणून भल्या पहाटे उठले आणि प्रत्येक उंबरठ्यावर दोन-दोन लिंबं ठेवून आले. त्या दिवशी अमावास्या आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

सात वाजता जिन्यात गलका झाला. कुणी चपलेने लिंबं ढकलली, कुणी गोमूत्र शिंपडलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यावर प्रसंग आलाय, कबूल. पण तो आमच्या लेकराबाळांवर कशाला उतरवताय?"

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने आधी लिंबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एरवी माझ्या नाकावर राग, कुणाचं ऐकून घेणार नाही. त्या दिवशी मात्र मी आईच्या मागे सरकले. आईच म्हणाली, "चुकलं माझं."

त्यानंतर आमच्या घरचं कुणी काही घेतलं नाही. संक्रांतीला आई तिळगुळाचा डबा घेऊन वर गेली आणि तसाच भरलेला खाली घेऊन आली. मी कितीदा ठरवलं, आज वर जाऊन सांगायचं. दोन पायऱ्या चढून परत यायचे. आईने मला कधी विचारलं नाही, आणि तेच मला जास्त छळायचं. अजूनही झाडाला हात लावला की तिचं ते 'चुकलं माझं' कानाशी येतं. शांत आवाजात, जसं मीठ जास्त पडल्यावर म्हणायची तसं.

गेल्या वर्षी आई गेली. काकू भेटायला आल्या, माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. निघताना म्हणाल्या, "जाऊ दे गं. आम्ही तिला कधीच माफ केलेलं."

मी मान हलवली आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.