सुगत आणि अडखळणारा राजा

झरीचा सुगत कामाला लय हुशार. जळालेली मोटार त्याच्या दुकानात टाका, तांब्याची तार अशी सुबक भरून देईल की नव्या मोटारीनं लाजावं. पण बोलायचं म्हटलं की पहिल्याच अक्षरात गाडी रुतायची. विहारात सगळ्यांच्या सुरात त्रिसरण म्हणताना मात्र तो कधी अडखळला नाही. असं का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं, तर आपण काय सांगणार!

चुडाव्याची धम्मशीला पाहायला गेले, तेव्हा घरच्यांनीच घोळ घातला. पोरीकडच्यांनी काही विचारलं की आत्या सरजाबाई पुढं. "पोरगं लय लाजाळू हाय!" सुगतनं नुसती मान हलवली. पुढं दोघांचं बोलणं मोबाईलवर, तेही टाइप करून. तारीख धरली आणि मग पठ्ठ्याच्या तोंडचं पाणी पळालं. बौद्ध लग्नात प्रतिज्ञा नवऱ्यानं भर मांडवात स्वतःच्या तोंडानं घ्यायची असते. तिथं आत्या कशी बोलणार? आणि धम्मशीलेला तिथंच कळलं तर?

बहीण पिंकीनं एक सिनेमा पाठवला. जुन्या काळातला राजा, बोलताना अडखळणारा. शेवटी साऱ्या मुलखापुढं बोलतो. सुगत दुपारी दुकानात पाहत बसला आणि पाहता पाहता त्याचा डोळा लागला.

तर राजा दारात! भरजरी झगा सावरत तारेच्या रिळावर टेकला. बाहेर ऊन हळदीसारखं पिवळं, चिंचेचं पान हलेना.

"च... च... चहा सांग," राजा म्हणाला.

सुगतला हसूच आलं. दोघं बशीत ओतून चहा प्यायले. उन्हाला घाई नव्हती, राजालाही नव्हती.

"म... म... महाराज, तुमी बोललात कसं?"

"समोर एक माणूस होता. त्याच्यापासून मी काहीच लपवलं नव्हतं. मी त्याच्याशीच बोललो."

जाग आली तेव्हा रिळावर कुणी नव्हतं. सुगतनं तडक धम्मशीलेला फोन लावला.

"ध... ध... ध..." तिचं नावच निघेना. पलीकडं चुडाव्याच्या स्टेशनातून सबंध मालगाडी धडधडत गेली, तरी तिनं फोन ठेवला नाही.

"बोला," ती म्हणाली. "मी ऐकायलेय."

त्यानं अडखळत अडखळत सगळं सांगितलं.

"मला आत्याबाईचा राग आलाय," ती म्हणाली. "तुमचा न्हाई."

लग्नाच्या दिवशी मांडव खच्चून भरला. बौद्धाचार्यांनी पहिली प्रतिज्ञा सांगितली. सुगतचं 'मी' ओठातच अडकलं. कुजबुज सुरू झाली. सरजाबाई उठायला लागल्या, तर धम्मशीलेनं त्यांना नजरेनंच खाली बसवलं.

मग सुगतकडं पाहत ती हळूच म्हणाली, "मी..."

तिच्या सुरात त्याचा सूर मिसळला आणि शब्द सुटला. विहारातल्यासारखा, सरळ. त्याला ना मांडव दिसत होता ना माणसं. बाहेरचं ऊन तसंच हळदीसारखं होतं, समोर एकटी ती होती आणि तो तिच्याशीच बोलत होता. मान राखीन, विश्वास मोडणार नाही, दुःखात साथ देईन. एकामागून एक वाक्यं येत गेली.

शेवटची प्रतिज्ञा संपली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. धम्मशीलेचे ओठ दुसऱ्या प्रतिज्ञेपासूनच मिटलेले होते.