नेमलेली व्यक्ती

मी शिकवत असे त्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. आता त्याला सगळे ‘हुंग्या’ म्हणतात, कारण पडत्या भावातलं घर त्याला वासाने सापडतं. दोरीवर एकाच माणसाचे कपडे, भरदुपारी जळणारा दारावरचा दिवा, पत्रपेटीतून लोंबणारी पाकिटं; एवढं दिसलं की तो बेल वाजवतो. घर तो स्वतः घेत नाही. मालकाशी कमी किमतीत करार करतो, महिन्याच्या आत तोच करार एखाद्या बिल्डरला चढ्या किमतीत देतो आणि मधला फरक ठेवतो. खोटं सहसा बोलत नाही. गप्प मात्र छान बसतो, शाळेतही बसायचा.

शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंच्या दारात तो असाच गेला. त्यांना मुलाकडे राहायला जायचं होतं. घर विकायचं होतं, पण पाडणाऱ्याला द्यायचं नव्हतं. घराच्या भिंती नवऱ्याने स्वतःच्या हातांनी रचल्या होत्या. दोन बिल्डरांना त्यांनी फाटकातूनच वाटेला लावलं होतं.

“लग्न झालंय का रे?” त्यांनी विचारलं.

“कुठलं, मावशी! हिंडण्यातच दिवस जातो.”

चष्मा लावून त्यांनी करार वाचला. ‘घेणारा अथवा त्याने नेमलेली व्यक्ती’ या शब्दांवर बोट थांबलं आणि त्या हसल्या. “अस्सं! नेमून ठेवलीयस तर! आणि मला म्हणतोस कुठलं लग्न. चोर कुठला!”

तो नुसता हसला.

“लाजतोय बघा,” म्हणत मावशींनी किंमत आपणहून आणखी खाली आणली. नव्या संसाराला लागेल काहीबाही, म्हणाल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो बिल्डरला घेऊन गेला. बिल्डरने टेप काढली आणि अंगणापासून कुंपणापर्यंत जमीन मोजली.

“घर बघायचं नाही का यांना?” मावशींनी विचारलं.

“त्याचं काय बघायचं, आजी? ते तर जाणार,” बिल्डर म्हणाला.

मावशींना उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी हुंग्याचा दंड धरला. “मोडता येईल का रे हे?”

“सही झालीय, मावशी.”

मावशी आत गेल्या आणि दोघांसाठी पाणी घेऊन आल्या.

घर दीड दिवसात पडलं. गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला तेव्हा हे सारं त्यानेच सांगितलं.

“बाई, मुदतीचे दोन दिवस बाकी होते. करार सोडणं माझ्या हातात होतं.”

“मग?”

“बिल्डर शेजारीच उभा होता. त्याने पुढचं घर माझ्याकडून घेतलं नसतं.”

आणि तो उठला. साडेचारला त्याला कुणाच्या तरी घरी जायचं होतं.