पाठीवर मावेल एवढं

बाळा घाडींनी चाळीस वर्षांपूर्वी गाववाल्यांच्या मंडळाची उद्दिष्टं लिहिली, तेव्हा दोन पानं भरली होती. मुलुंडमध्ये गावचं कुणी वारलं की सगळी धावपळ हे मंडळच करायचं. सामान आणायला पहिले निघायचे ते बाळाकाका.

"एवढं कोण वाचणार, काका?" मंडळाची नवी चिटणीस जान्हवी म्हणाली. "टी-शर्टच्या पाठीवर मावेल एवढं द्या. मयताच्या घरी धावपळ करणारे कोण, ते लोकांना कळायला नको? रविवारपर्यंत नाही दिलंत तर हर्षदचं छापते. सेवा, एकता, प्रगती."

"त्यात वाईट काय गं?"

"मयताला कसली प्रगती, काका?"

मालनकाकींना जाऊन महिना झाला होता. काका जेवत होते, झोपत होते. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं. मंडळात त्यांच्याकडे लिहिण्याचं एवढंच काम उरलं होतं, तेही आता जाणार असं दिसत होतं. चार दिवस ते खोडत बसले. दोन पानांचं एक झालं, मग अर्धं, मग 'सुखदुःखात सोबत'. तेही लग्नपत्रिकेतलं वाटलं. खोडलं.

शनिवारी मंडळातला तरुण हर्षद घरी डोकावला. "सोडा ना काका. सगळं तुम्हीच करायचं का? काकी गेल्या त्या दिवशीपण तेच केलंत."

त्या सकाळी काका सवयीने पिशवी घेऊन सामानाच्या दुकानात गेले होते. बांबू, मडकं, सुतळी, पांढरं कापड, सगळं न चुकता सांगितलं. दुकानदाराने नेहमीसारखं विचारलं, "आज कोण हो?" काकांना सांगता येईना. मागून धावत आलेल्या हर्षदने पिशवी काढून घेतली आणि दोन वाक्यं बोलला.

आता काकांनी तीच कागदावर लिहिली आणि कागद पुढे सरकवला. 'तुम्ही बसा. आम्ही आहोत.'

"हे तर मी बोललो होतो!"

"मग तुझंच छापतायत," काका म्हणाले. त्यांना बरंही वाटलं नाही, वाईटही नाही.

पुढच्या महिन्यात कुंदावहिनींचे यजमान गेले. काकांनी पाठीवर ती दोन वाक्यं छापलेला नवा टी-शर्ट चढवला, पिशवी घेतली. दुकानदाराने विचारल्यावर या वेळी नाव सांगितलं. सामान घेऊन आले तर कुंदावहिनी दारातच उभ्या, पाहुण्यांना पाणी देत होत्या. काकांनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला.

"वहिनी, तुम्ही बसा."

पुढचं तोंडातून निघेना. ते वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून सुतळी सोडवायला लागले.