माशाचं खवलं, पळसदरी आणि मामीचं मडकं

शुक्रवारी पाचव्यांदा पट्टी तेलाने काळी झाली आणि मी ठरवलं, बस्स, रविवारी पळसदरीला मामीकडे जायचं! लेप लावलेली ही पट्टी म्हणजे प्रयोगशाळेतलं माझं तीन वर्षांचं काम. माशाचं खवलं पाण्याचा पातळ थर धरून ठेवतं, म्हणून पाण्यात त्याला तेल चिकटत नाही. तसा लेप मी समुद्री शेवाळापासून करते, खाऱ्या पाण्यातल्या जाळ्यांना तेल चिकटू नये म्हणून. सोमवारची चाचणी फसली की काम बंद, असं साहेबांनी सांगूनच टाकलं होतं.

पनवेलहून चौकमार्गे कर्जत, पुढे पळसदरी, स्कूटरने दीड तास धरा. रस्ता झकास. पण फ्लॅटच्या जाहिराती इतक्या, की डोंगर शोधावा लागतो. आमच्या लहानपणी दोन्ही बाजूंना नुसती भातशेती होती हो! कर्जतच्या बाजारात मामीसाठी कोरं मातीचं मडकं घेतलं, दीडशे रुपयांना.

"आलीस गं बाय! किती वाळलीस!" मे महिन्याच्या सुट्टीत व्हायचं तेच स्वागत. चूलही तीच, मामी मात्र वाकलीय. तिने धरणातला ताजा मासा आणून ठेवला होता. म्हटलं, कालवण आज मी करते. नवं मडकं चुलीवर चढवलं, तेलाची बाटली उघडली.

"आगं आगं, येडी का काय तू!" मामीने हातच धरला. "कोरं हाय ते! आदी पाण्यात बुडवून ठेव. पोटभर पाणी पिऊ दे त्याला, मंग तेल नाय पीत."

मी बाटली घेऊन तशीच उभी. आमच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या टाकीत पाण्यावर तेल तरंगतं आणि आम्ही पट्टी कडकडीत वाळवून त्याच तेलातून खाली सोडतो! पाण्याआधी तेलच पीत होती बिचारी.

"काय झालं गं?"

"काही नाही मामी. मी खरंच येडी आहे."

कालवण जुन्या पातेल्यात झालं. मी तीनदा भात घेतला.

सोमवारी पट्टी आधी खाऱ्या पाण्यात भिजवली, मग तेलातून सोडली. तेल सुटून वर गेलं, पट्टी स्वच्छ! काम वाचलं. लगेच मामीला फोन लावला.

"एवडं ठाव नव्हतं तुला? माझ्या म्होरंच तर बसायचीस."

दिवाळीनंतर मामी मुलाकडे नेरळच्या फ्लॅटमध्ये जाणार आहे. तिथे चूल नाही. किती सुट्ट्या मी तिच्या चुलीपुढे बसून जेवले, आणि एकदाही विचारलं नाही, "मामी, तू हे असं का करतेस?"