तिसऱ्या नांदीचं विरजण

शेवाळ खरवडून काढण्यात लोकांचा जन्म जातो. मी ते वाढवत होते. आरमोरीकडच्या एका खेड्यातल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, तेही कंत्राटावर. पीएचडी झाली तर नोकरी कायम होण्याची आशा होती, नाहीतर दर जूनमध्ये प्राचार्यांसमोर उभं राहणं ठरलेलं. दोन हजारनंतरची ती वर्षं. मोज्यांपासून फ्रिजपर्यंत कशातही चांदीचे नॅनो कण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा चांदीचा चुरा, घातल्याच्या जाहिराती येत होत्या. ही चांदी शेवटी सांडपाण्यात उतरणार. मग सांडपाणी साफ करणाऱ्या शेवाळाचं काय होणार, हा माझा विषय. गावात कुणी विचारलं तर मी ‘झाडांवर करतेय’ एवढंच सांगायचे.

हॉस्टेलच्या मेसमागे सिमेंटच्या तीन नांदी मांडल्या होत्या, गुरांना पाणी पाजतात तसल्या. तिन्हींत मेसचं खरकटं पाणी आणि मागच्या बोडीतून आणलेलं शेवाळ. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं लहानसं तळं. पहिल्या दोन नांदींतलं शेवाळ घाण खाऊन गर्द हिरवं झालं. तिसरीत मी नागपूरहून आणलेल्या बाटलीतली चांदी घालत होते. तिथलं शेवाळ मेलं, तळाशी बसलं आणि पाणी नितळ दिसू लागलं. घाण त्यात विरघळून तशीच होती, पण ती नाकाला कळायची, डोळ्यांना नाही. दर पंधरवड्याला तिन्ही नांदी नालीत ओतून पुन्हा भरायच्या.

ओतायचं काम प्रयोगशाळेतल्या परिचरांचं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांचं दीड एकर धान बोडीला लागूनच होतं. पहिल्या दोन नांदी पाहून त्यांना माझी काळजी वाटायची. शनिवारी माझे मार्गदर्शक नागपूरहून येऊन हिरव्या आणि नितळ नांदींतला फरक स्वतः पाहणार होते. तो पाहिला की त्यांची सही, नाहीतर वर्ष गेलं. भाऊंना एवढंच कळलं होतं की मोठे सर नांदी पाहायला येणार आहेत.

नमुने तपासायला मी चार दिवस नागपूरला गेले. गुरुवारी परत आले, तर तिन्ही नांदी नितळ. दुसरीच्या तळाशी महिन्याभरापूर्वी हरवलेला माझा चमचा स्पष्ट दिसत होता.

भाऊ शेजारीच उभे होते, कौतुकाची वाट पाहत.

‘‘ते चांगल्या नांदीतलं पाणी रोज एक-एक बादली या दोघींत टाकलं,’’ ते म्हणाले. ‘‘इरजनासारखं. मले वाटलं, तिकडचं सुधरलं त इकडचं बी सुधरन.’’

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की चांगलं पाणी कोणतं होतं. हिरवं, मी म्हटलं. शिकलेल्या माणसांकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

हातात एक दिवस होता. बोडीतून ताजं शेवाळ आणून दोन नांदी हिरव्या करायच्या आणि सरांना खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं बादल्या घेऊन नालीच्या कडेकडेने निघालो. कालच्या बोलण्याची मला लाज वाटत होती, पण माफी मागायला शब्द जुळेनात. भाऊ मात्र काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालले होते.

बोडी हिरवीगार होती. फक्त नाली जिथे पडते तिथे, खाटेएवढ्या जागेत, पाणी नितळ होतं आणि तळाचा चिखल दिसत होता. दुसरंही कारण असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्या जागेला लागूनच भाऊंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी सोडायचं तोंड होतं.

भाऊंनी बादली खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

‘‘पाहा म्याडम,’’ ते म्हणाले, ‘‘आमचं बी पाणी सुधरून राह्यलं.’’

तिसरी नांद नालीत ओतायला त्यांना मीच सांगितलं होतं.